डावा पाय उचला, सर

सरांना ‘कसे आहात’ असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते जागेवर थांबत, स्वतःकडे छातीपासून चपलांपर्यंत नजर टाकत आणि सांगत, “आज नोंदण्याजोगं काही आढळलं नाही.” ‘बरा आहे’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून तीन वर्षांत एकदाही ऐकले नाहीत. तपासणाऱ्यानं कुठलीही वस्तू चांगली आहे असं कधी म्हणू नये, हा त्यांचा दंडक. आपण शोधलं आणि सापडलं नाही, एवढंच आपल्याला ठाऊक. लोखंडाच्या बाबतीत हे अगदी बरोबर होतं. पण सर हाच नियम भजी, नवजात बाळं आणि लोकांच्या होणाऱ्या जावयांनाही लावत. शेजारच्या वर्कशॉपवाल्यांनी हौसेनं मुलीच्या साखरपुड्याचा फोटो दाखवला, तर सरांनी तो उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब नेला आणि म्हणाले की मुलात वरवर तरी काही सापडत नाही. ते बिचारे पुढचे आठ दिवस मुलाच्या गावी चौकशा करत होते.

स्वतःच्या संसाराबद्दलही त्यांचं मत एवढंच होतं. त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली त्या दिवशी मी पेढे घेऊन जुनी इंदूरमधल्या त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी हसत विचारलं, की काय हो, पस्तीस वर्षांत मी कशी वाटले. सरांनी पेढा चघळत उत्तर दिलं की आजवर तरी नोंदण्याजोगं काही नाही. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “यांनी नीट तपासलंच कुठं. मशीन चालू करतात आणि झोपून जातात.”

काकूंचं बोलणं तेव्हा मी थट्टेवारी नेलं. ते किती खरं होतं हे कळायला मला लोखंडी शिडी चढून चोवीस फुटांवर जावं लागलं. पण ते पुढे.

सरांची पोलोग्राउंडला छोटी लॅब होती. एक खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि दोन माणसं, म्हणजे सर आणि मी. माणसांची सोनोग्राफी करतात तशी आम्ही लोखंडाची करायचो. कानाला ऐकू न येणारा आवाज धातूच्या आत सोडायचा. आत कुठं चीर असली तर तो तिथून उलटा फिरतो आणि पडद्यावर एक टोक उभं राहतं. क्रेनचे हुक, गिरण्यांचे शाफ्ट, टाक्यांचे जोड, जे काही तुटलं तर माणूस मरेल असं सगळं आमच्याकडे यायचं. मी मूळची कराडची. नोकरीसाठी इंदूरला आले आणि भंवरकुआंला कोचिंगच्या मुलींच्या गराड्यात एक खोली घेऊन राहिले. सरांच्या लेखी मात्र महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस पुण्याचाच. मी कराडचा नकाशा काढून दाखवला तरी माझं नाव ‘पुणेवाली’ पडलं ते पडलंच.

सरांचं मराठी इंदूरचं. “एक काम कर ना पुणेवाली, तो शाफ्ट जरा पलटून घे, अपन उसको दुसऱ्या बाजूनं बघून घेऊ,” असं ते सहज बोलून जात आणि मला भाषेची सांधेजोड कुठं झाली तेही कळत नसे. त्यांच्या आजोबांपासूनचं घराणं इथलं. महाराष्ट्रात ते फक्त लग्नांना गेले होते, आणि तिथल्या पोह्यांबद्दल त्यांचं मत इतकं वाईट होतं की त्यावर बोलताना ते तपासनीसाचा संयम सोडत.

पोह्यांवरून आठवलं. कुठलंही मशीन वापरण्याआधी ते एका ठरावीक मापाच्या लोखंडी ठोकळ्यावर लावून पाहायचं असतं. ठोकळ्याची जाडी आधीच माहीत असते. मशीननं तीच दाखवली तर मशीन ठीक. याला कॅलिब्रेशन म्हणतात. सर स्वतःचंही कॅलिब्रेशन करत. रोज सकाळी लॅबच्या कोपऱ्यावरच्या एकाच ठेल्यावर पोहे आणि जलेबी. त्या पोह्यांची चव गेली वीस वर्षं बदललेली नाही, तेव्हा ज्या दिवशी ती वेगळी लागेल त्या दिवशी बिघाड पोह्यांत नसून आपल्यात आहे, असा त्यांचा हिशेब. एकदा पहिल्याच घासाला ते थांबले. ठेलेवाला शपथेवर सांगत होता की जीरावन मसाला तेवढाच टाकलाय, शेवही तीच आहे. सर म्हणाले, तुझ्यावर शंका नाही रे, माझं तोंड कॅलिब्रेशनमध्ये नाही. आणि त्या दिवशीची दोन्ही कामं रद्द करून घरी गेले. मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, कारण गिऱ्हाइकांचे फोन मलाच घ्यावे लागले. संध्याकाळी काकूंचा फोन आला की त्यांना एकशे दोन ताप आहे.

असल्या माणसावर धड रागावताही येत नाही. मी मात्र प्रयत्न सोडला नाही.

दुसरी गंमत खळीची. मशीनचा प्रोब, म्हणजे आवाज सोडणारं टोक, लोखंडाला टेकवला तरी दोघांच्या मध्ये हवेचा पातळ पापुद्रा राहतो, आणि आवाज तो ओलांडत नाही. म्हणून मध्ये काहीतरी ओलसर, चिकट लावावं लागतं. त्यासाठी बाटलीतलं जेल मिळतं. सरांना ते नको असे. काकू सकाळी मैद्याची खळ शिजवून डब्यात द्यायच्या, जेवणाच्या डब्याशेजारी तो दुसरा डबा. एका एकादशीला मी डबा उघडला तर आत पांढरी, चकचकीत, वेगळीच खळ. साबुदाण्याची होती. मी विचारलं की प्रोबलाही उपास असतो का. सर गंभीरपणे म्हणाले की प्रोबला नसेल, पण हात माझा आहे, तो सारखा मैद्यात घालून मग तोंडाला लागला तर? साबुदाण्याची खळ मैद्याच्या खळीपेक्षा चांगली चालते, हे मात्र मला कबूल केलं पाहिजे. आम्ही पुढं पुढं कठीण कामं एकादशीलाच ठेवू लागलो.

उंचावरच्या कामाला खळ ठिबकते, तिथं ते खोबरेल तेल वापरत. बाटली कायम खिशात. थंडीत तेल गोठतं म्हणून जानेवारीत स्वेटरच्या आत. त्याच बाटलीतलं तेल ते दुपारी जेवण झालं की तळपायांना चोळत. तळपायाला तेल लावलं की डोळे थंड राहतात, ही त्यांच्या आईची शिकवण, आणि तपासनीसाचं सगळं पोट डोळ्यांवर. तेल चोळून झालं की वीस मिनिटं झोप. कुठंही. मी त्यांना टाकीच्या आत, गोदामातल्या फळ्यांवर आणि एकदा तपासायला आलेल्या बॉयलरच्या पोटात झोपलेलं पाहिलं आहे. उताणे, गुडघे वर, दोन्ही तळपाय सपाट टेकलेले. बॉयलरवाले त्यांना सगळीकडे शोधत होते. झोपेची जागा नंतर तेलाच्या दोन ठशांवरून कळायची.

एका गोष्टीत मात्र थट्टा चालत नसे, ती म्हणजे सही. लॅबच्या रिपोर्टवर सही करायला परीक्षा पास व्हावी लागते. ती मी पहिल्याच वर्षी झाले होते आणि माझं सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये पिवळं पडत होतं. सह्या सगळ्या सरांच्या. काम मी करायची, तपासायचे ते, आणि खाली त्यांचं नाव. बत्तीस वर्षांत त्यांच्या सहीचा एकही रिपोर्ट मागे घ्यावा लागला नव्हता. ते दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून सांगत, की ज्या दिवशी माझा रिपोर्ट परत येईल त्या दिवशी मी पेन खाली ठेवीन. सर बोलले ते करणारे होते. एकदा चहात माशी निघाली म्हणून ‘आता चहा बंद’ म्हणाले, तो अकरा वर्षं बंद होता.

मला सही हवी होती, खोटं कशाला सांगू. पण त्यांचं पेन खाली पडून नको होती.

तर आता सेठजींची क्रेन. आमच्या लॅबपासून पाच मिनिटांवर एका सेठजींचा मोठे लोखंडी पाइप बनवायचा कारखाना होता. तिथं छताखालून इकडून तिकडे फिरणारी क्रेन होती. तिची आडवी तुळई, म्हणजे गर्डर, वरून दोन हात रुंद आणि चांगली चाळीस फूट लांब. तिच्याखाली दिवसभर वीसेक माणसं काम करत. वर्षातून एकदा चढून तपासण्यापेक्षा गर्डरवर कायमचे सेन्सर बसवावेत, ही कल्पना माझी. रुपयाएवढ्या चकत्या चिकटवायच्या. एक चकती लोखंडात आवाज सोडते, बाकीच्या तो ऐकतात. पहिल्या दिवशी, गर्डर निर्दोष आणि मोकळा असताना, एक नोंद करून ठेवायची. पुढं दर पाच मिनिटांनी मशीन आपण होऊन नवी नोंद घेतं आणि त्या पहिलीशी ताडून बघतं. सारखी असली तर हिरवा दिवा, थोडा फरक असला तर पिवळा, जास्त असला तर लाल.

सर आठ दिवस त्या चकत्यांकडे पाहुण्यांच्या खोडकर पोरांकडे बघावं तसे बघत होते. मग म्हणाले, “लक्षात ठेव पुणेवाली. हे यंत्र दोष शोधत नाही, फरक शोधतं. पहिली नोंद चुकली तर जन्मभर खोटं बोलेल.”

मी म्हटलं, म्हणून तर पहिली नोंद आपण दोघं मिळून करू.

जानेवारीतली कडाक्याची थंडी होती. क्रेन बंद करून चावी सरांच्या खिशात ठेवली. दुपारचा डबा झाला, सरांनी तळपायांना तेल चोळलं, चपला शिडीखाली काढल्या आणि शेवटची चकती चिकटवायला वर गेले. मी खाली लॅपटॉप घेऊन, हात बगलेत घालून कुडकुडत होते. वरून ‘लागली’ असा आवाज आला. मी दहा मिनिटं डिंक सुकू दिला आणि नोंद घेतली. सुंदर आली. सर पलीकडच्या शिडीनं उतरले असतील असं मी धरून चालले. वर मान करून पाहिलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी रिपोर्टवर सही केली: पहिल्या नोंदीच्या वेळी गर्डर निर्दोष व मोकळा.

दिवा आणि वायरिंग यायला होळी उलटली. सेठजींनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं आणि दिवा लाल झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाल दिवा म्हणजे क्रेन बंद, असा नियम मीच लिहून दिला होता. सरांचं जेवण आणि तळपायांचं तेल नुकतंच झालं होतं, त्यांनी चपला काढल्या, प्रोब आणि तेलाची बाटली घेऊन वर चढले आणि मधोमध उकिडवे बसून तपासू लागले. पाच मिनिटांत दिवा हिरवा. तासाभरानं काही सापडलं नाही म्हणून उतरले. पाच मिनिटांत लाल.

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी क्रेन चालवणारे यादवजी मोठ्या भक्तिभावानं म्हणाले, “भिया, सर चढ़े और बत्ती हरी। अब इसमें अपन क्या बोलें।”

मी बोलले, भरपूर बोलले. जानेवारीची थंडी आणि मार्चचं ऊन यांचा फरक मी प्रोग्रॅममध्ये आधीच घातला होता, तो पुन्हा तपासला. डिंक तपासला, वायरी बदलल्या. कशानं काही फरक पडेना. शेवटी सरांना म्हटलं की पहिली नोंद नव्यानं घेऊ. त्यावर त्यांचा चेहराच बदलला. नव्यानं घ्यायची म्हणजे जुनी चुकली असं म्हणायचं, आणि त्या जुनीवर त्यांची सही होती. ते म्हणाले, नोंद चुकलेली नाही, लोखंड काहीतरी सांगतंय, आपल्याला ऐकू येत नाही.

आणि मग कारखान्यानं आपला उपाय शोधला. सेठजींनी हात जोडून सांगितलं की सर, तुमचे पाय लागले की क्रेन शांत होते, तेव्हा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ वर विराजमान व्हा. शिडीखाली एक नारळ आणि उदबत्तीचं घर आलं. एक दिवस मी तिथं झेंडूचा हारही पाहिला. सर रोज जाऊ लागले. त्यांना त्यातलं देवपण पटत नव्हतं, पण जागा पटली होती, हे मला नंतर कळलं. आणि उरलेल्या वेळी दिव्याचं काय? यादवजींनी त्यावर आपला गमछा टाकला. सरांनी हातानं तपासून काही सापडलं नाही ना, मग लाल तर लाल, कोण बघतो.

तो गमछा मात्र मला खपला नाही. तोवर सगळा तमाशा होता, मीही हसत होते. पण उद्या त्या गर्डरला खरोखर चीर गेली असती तरी दिवा लालच राहणार होता, आणि खाली वीस माणसं गमछ्याच्या भरवशावर पाइप जोडत बसणार होती. या सगळ्या थट्टेचं मूळ शोधणं भाग होतं.

मी मशीनच्या साऱ्या नोंदी उघडून बसले. दिवसभर लाल. रोज दुपारी एक पस्तीस ते एक पंचावन्न हिरवा. ही सर वर असतानाची वेळ. पण त्या वीस मिनिटांतही मधूनच एखादा पिवळा ठिपका, कधी पहिल्याच पाच मिनिटांत, कधी शेवटी. तपासणीचं काम करणारा माणूस एका जागी वीस मिनिटं बसत नाही. मग वीस मिनिटं एकाच ठिकाणी राहून मधूनच किंचित हलणारी गोष्ट कुठली?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग, आवाज न करता शिडी चढले. वर पत्रा तापून छान ऊब होती. गर्डरच्या मधोमध सर गाढ झोपले होते. उताणे, डोक्याखाली घडी केलेला शर्ट, गुडघे वर, आणि तेलानं चमकणारे दोन्ही तळपाय माझ्या दोन चकत्यांच्या बरोबर मध्ये सपाट टेकलेले. त्यांच्या टाचांखालच्या रंगावर जुने डाग होते. रोजचे नव्हेत, खूप जुने, धूळ बसून काळे झालेले. जानेवारीतले.

मला हसू यायला लागलं ते आवरेना. चोवीस फुटांवर, एका हातात शिडीचा दांडा धरून, मी तोंडात ओढणी कोंबून हसत होते. आमचं यंत्र काही चुकत नव्हतं. पहिल्या नोंदीत सर होते. ते तेलकट पाय आवाज पिऊन टाकत होते आणि यंत्राला वाटत होतं की गर्डर असाच असतो, त्याला दोन पाय असतात. पाय नसले की ते बिचारं बोंब मारत होतं की काहीतरी गेलंय.

हसता हसताच माझ्या लक्षात आलं की रिपोर्टमध्ये ‘मोकळा’ असा शब्द आहे आणि त्याखाली सही आहे. हसू तिथंच थांबलं. मी खाली उतरून गप्प बसू शकले असते. एखाद्या रात्री कुणी नसताना नोंद बदलता आली असती, कुणाला कळलं नसतं, सरांनाही नाही. पण तसं केलं असतं तर मी त्यांच्याकडे काहीच शिकले नाही असं झालं असतं. मी सरांना हाक मारली.

ते जागे झाले, चपापले आणि म्हणाले की मी विचार करत होतो. मी म्हटलं, करा, पण हलू नका. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी पलीकडच्या कडेला बसले आणि हातानं नोंद घेतली. हिरवा.

“डावा पाय उचला, सर.”

त्यांनी उचलला. पिवळा.

“आता उजवाही.”

लाल. सर पाठीवर पडल्या पडल्या, दोन्ही पाय हवेत धरून, लॅपटॉपकडे मान वळवून बघत होते. खालून यादवजी ओरडून विचारत होते की सब ठीक है क्या.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. एकदा घेतलेली नोंद ही नोंद नव्हे. त्यांनी पाय टेकवून, उचलून, टेकवून तीनदा सगळं करून घेतलं. मग शर्टानं तळपाय घासून पुसले, सुके पाय टेकवले आणि म्हणाले, घे. लाल. मध्ये हवा आली होती. मग बाटली काढून तेल लावलं, टेकवले. हिरवा. आणि हा साठ वर्षांचा माणूस चोवीस फुटांवर उठून बसला, दोन्ही हातांनी स्वतःची पावलं धरून गदगदा हसायला लागला.

“पुणेवाली, यानं माझे पाय पकडले. चाळीस फुटांचा गर्डर बघणारं मशीन, आणि त्यानं माझे पाय पकडले. मी तर म्हणत होतो की हे काही ऐकत नाही.”

आम्ही दोघं हसत राहिलो. खाली माणसं गोळा झाली. मग सरांचं हसू हळूहळू कमी झालं, आणि ते कशामुळं हे मला विचारायची गरज नव्हती. ते उतरले, चपला घातल्या आणि नारळाकडे न बघता निघून गेले. क्रेन बंद ठेवायला मात्र यादवजींना बजावून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर ते नव्हते. वीस वर्षांत पहिल्यांदा, असं ठेलेवाला म्हणाला. मी पोहे तसेच ठेवून निघाले. सरांवर माझा फार जीव होता. तो शब्द मी कधी त्यांच्यासमोर उच्चारला नसता, पण त्या सकाळी मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि मनाशी म्हणत राहिले की काय अवदसा आठवली म्हणून ती शिडी चढले.

लॅबमध्ये पोचले तर ते माझ्या आधी आलेले. समोर रिपोर्टचा छापील कागद, स्वच्छ अक्षरात भरलेला. म्हणाले बस, आणि वाचून दाखवू लागले. वस्तू: क्रेनचा गर्डर. आढळलेल्या खुणा: दोन, शेजारी शेजारी. माप: प्रत्येकी लांबी दहा इंच, रुंदी चार. जागा: पूर्व टोकापासून एकोणीस फूट, वरच्या पत्र्यावर. स्वरूप: मऊ, तेलकट, अधूनमधून हलणारं. कारण: जेवणानंतरची झोप. पहिल्या नोंदीच्या वेळी दोष जागेवर हजर होता. तपासनीसाला तो दिसला नाही, कारण तपासनीसच दोष होता. उपाय: दोष शिडीवरून खाली उतरवण्यात आला आहे. गर्डर हातानं पूर्ण तपासून, पहिली नोंद नव्यानं घ्यावी. जानेवारीचा रिपोर्ट मागे घेण्यात येत आहे.

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. डोकं वर केलं तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला होता. खाली सहीची जागा कोरी होती. मी म्हटलं, सर, सही राहिली.

“दोषानं स्वतःच्या रिपोर्टवर सही केलेली तू कुठं बघितलीस?” ते म्हणाले. “सही तू कर.”

मी नाही म्हटलं. वर मान करून पाहिलं नाही ही चूक माझी होती, हे सांगितलं. एका रिपोर्टनं बत्तीस वर्षं पुसली जात नाहीत, असंही काहीतरी बडबडले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की तू काल वर चढून बघितलंस, म्हणून हा रिपोर्ट आहे. आणि मी बोललो होतो ते बोललो होतो. त्यांनी आपलं पेन टोपण काढून माझ्यासमोर ठेवलं. ठेवलं, टाकलं नाही. मी ते उचललं. सही तिरपी आली.

कागद मी नेऊन देते म्हटलं तर ऐकेनात. पाच मिनिटांचा रस्ता आम्ही बरोबर चाललो. गेटवर सर दिसताच दोघंजण शिडी सरळ करायला धावले. सरांनी त्यांना थांबवलं, शिडीच्या पहिल्याच पायरीवर चपलांसकट उभे राहिले आणि सेठजींसकट सगळ्या कारखान्याला रिपोर्ट हिंदीतून वाचून दाखवला. खुणांच्या मापाला एकेक जण खुसखुसायला लागला, झोपेपाशी यादवजींनी दिव्यावरचा गमछा ओढून तोंडावर घेतला, आणि ‘दोष नीचे उतार दिया गया है’ या वाक्याला तर सेठजींनाही खुर्चीचा आधार घ्यावा लागला. सर न हसता एकेक ओळ नीट वाचत होते. शेवटी सहीची ओळ आली. तिथं त्यांनी माझं नाव वाचलं, आडनावासकट, कराडसकट, आणि मागच्या माणसांना ऐकू गेलं नसेल म्हणून आवाज चढवून पुन्हा एकदा वाचलं.